चार नंबरचा उजवा हात

खामफानकाका चमच्याने भात खाताना पहिल्यांदा दिसले तेव्हा मी हसले होते. आज ते हसू आठवलं की जिभेवर कडवट चव येते.

आमच्या भागात चिकट भात बोटांनीच खातात. वेताच्या डबीतून चिमूटभर ओढायचा, तीन बोटांत दाबून गोळी करायची आणि मिरचीच्या ठेच्यात बुडवायची. दोन वर्षांच्या पोरालाही ते जमतं.

"काय काका, बँकॉकवाले झालात वाटतं?" मी म्हटलं.

"बोटं भाजलीत," ते म्हणाले.

"कशानं?"

"तुझ्या चौकशीनं, साई. खा गुपचूप."

भाजल्याची खूण कुठेच नव्हती. मी पुढे विचारलं नाही. आमच्या कामात उगाच न विचारण्याची सवय लागते.

आम्ही दोघं मेडिकल कॉलेजच्या विच्छेदनगृहात मदतनीस होतो. त्यांची बत्तीस वर्षं झाली होती, माझी अकरा. मी त्याआधी बाजारात शिवणकाम करायची. दुकान बुडालं आणि मी इथे आले. पहिल्या दिवशी काकांनी माझ्या हातात वाकडी सुई दिली आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या पोटावरची चीर शिवायला लावली. माझे टाके बघून म्हणाले, "हे काय, ब्लाउज शिवतेस? एवढे बारीक कशाला? यांना आता कुठे लग्नाला जायचंय?" मग थोडं थांबून, "पण राहू दे. छान दिसतंय."

स्वतः काका इथे माळी म्हणून आले होते. शिक्षण चौथीपर्यंत. आधीचा मदतनीस एका सकाळी दाराला कुलूप न लावताच निघून गेला, तो परत आलाच नाही, आणि फावडं ठेवून काकांनी चिमटा उचलला. त्यानंतर हात हा त्यांचा विषय झाला. हृदय, यकृत, मेंदू यांच्याबद्दल ते परक्याच्या घराबद्दल बोलावं तसं बोलत. हाताबद्दल बोलताना मात्र स्वतःच्या गावाबद्दल बोलत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलं चोरून त्यांच्याकडे येत.

"काका, बगलेतलं ते जाळं काही डोक्यात शिरत नाही."

मग काका पाच रंगांचे सुती दोर टेबलाच्या पायाला बांधत. "हे बघा, मानेतून पाच मज्जातंतू निघाले. पाचाचे झाले तीन. तिनांचे सहा. सहांचे परत तीन. आणि शेवटी पाच होऊन हातात उतरले. घराणं आहे ते. भांडतात, वेगळे होतात, पोटासाठी एकत्र येतात. आणि हा जाडा, दंडाच्या हाडाला मागून विळखा घालून जातो ना, तो मनगट उचलतो. इथे हाड मोडलं की हा चिरडतो. मग हात असा लोंबतो. मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा."

मुलं हसत. ते लोंबतं मनगट काका फार छान करून दाखवत.

खोलीत अठरा टेबलं होती. टेबलावरच्या माणसाला आमच्याकडे कोणी प्रेत म्हणत नाही. ते मोठे गुरुजी, त्या मोठ्या बाई. मुलं रोज सकाळी आधी त्यांना नमस्कार करतात आणि मगच सुरीला हात लावतात. टेबलाच्या डोक्याशी एक कार्ड असतं, त्यावर नाव, वय आणि आजार. त्यांनी जन्मभर काय काम केलं ते लिहीत नाहीत, आणि घरच्यांना ते विचारायचंही नाही. एका जुन्या विभागप्रमुखांनी घालून दिलेला हा नियम. टेबलावर सगळे सारखेच गुरुजी.

वर्ष संपलं की प्रत्येकाचं सगळं त्याच्या त्याच्या अंगात परत ठेवायचं, शिवायचं, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं आणि पेटीत ठेवायचं. शुक्रवारी दुपारी घरची माणसं फोटो घेऊन येतात, पाचला भिक्खू येतात, त्याआधी झाकणं बसतात. शनिवारी दहन. देहदानाचा अर्ज भरायला आलेल्या प्रत्येकाला काका एकच वाक्य सांगत, "जसे आणू तसे परत करू." बत्तीस वर्षांत एकही हाड इकडचं तिकडे गेलं नव्हतं. स्वतःची म्हणावी अशी त्यांच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही.

त्या वर्षी परीक्षेसाठी दोन हात वेगळे काढले होते, चार नंबरचा उजवा आणि नऊ नंबरचा उजवा. खांद्यामागच्या खवाट्यासकट. मुलांनी ते इतके स्वच्छ सोडवले होते की एकेक मज्जातंतू पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता. दोन्ही हातांवर बोटांपर्यंत कातडी उरली नव्हती. परीक्षा झाल्यावर काकांनी मनगटांना नंबरचे पत्र्याचे बिल्ले बांधले आणि ते हात फॉर्मालिनच्या टाकीत सोडले. गाठ नेहमी तेच मारत. माझी गाठ त्यांना चालत नसे. "तुझी गाठ म्हणजे शाळेतल्या मुलीची रिबन," म्हणत.

दहनाच्या आठवड्यातल्या सोमवारी आम्ही टाकी उपसली. हात वर आले. बिल्ले तळाशी पडलेले होते, दोन्ही, शेजारी शेजारी, सुटलेल्या दोऱ्यांसकट.

काका कितीतरी वेळ त्या दोऱ्यांकडे बघत होते. हातांकडे त्यांनी नंतर पाहिलं.

"दोरा कुजला असेल," मी म्हटलं.

त्यांनी दोरा उचलून दोन्हीकडून ओढला. तो तुटला नाही.

"डॉक्टरबाईंना सांगू या." रत्चनी डॉक्टर आमच्या विभागप्रमुख. कडक, पण न्यायी बाई.

"काय सांगू? गाठ सुटली?"

"तपासणी करतात ना हल्ली. कोणाचं मांस ते कळतं म्हणे."

"फॉर्मालिनमध्ये वर्षभर मुरलेलं? कळलं तरी महिन्यानं कळेल. दहन शनिवारी आहे." मग काकांचा आवाज खाली आला. "आणि त्या आधी विचारतील, गाठ कोणी मारली होती."

दोन्ही माणसं एकाच उंचीची. चार नंबर थोंगबाय, वय चौऱ्याहत्तर. नऊ नंबर लुआन, वय एकाहत्तर. डाव्या हातांशी मापं लावून पाहिली, फरक बोटाच्या पेराइतकाही नव्हता. सांधे सोडवून काढलेले, त्यामुळे करवतीच्या खुणा जुळवायचीही सोय नव्हती. जागेवर बसवून पाहावं तर स्नायूंची टोकं वर्षभरात झिजून दोरखंडाच्या टोकांसारखी पिंजली होती. दोन्ही हात दोन्हीकडे बसत होते.

फरक होता तो एकाच जागी. एका हाताच्या खांद्यात, माथ्यावरून जाणारी कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पार तुटलेली होती. नुसती चीर नाही, तुटून मागे सरकलेली, गोगलगाय शंखात जावी तशी. दंडाच्या हाडाचं डोकं वरच्या हाडाला घासून घासून बत्त्यासारखं गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या हाताचा खांदा धडधाकट होता.

"हा माणूस दहा-बारा वर्षं तरी हात वर करू शकला नसेल," काका तुटक्या खांद्यावरून बोट फिरवत म्हणाले. "कोण असेल हा?"

मंगळवारी त्यांनी ठरवलं. नऊ नंबर लुआनची छाती रुंद होती आणि डाव्या तळव्यावर घट्टे होते. चार नंबर थोंगबायचा डावा तळवा मऊ, बायकी म्हणावा असा. "हा कुठेतरी खुर्चीत बसून जगलाय. आणि हा हमाल. पोती उचलून खांदा गेलाय." तुटका खांदा नऊ नंबरला लागला, धडधाकट खांदा चार नंबरला.

"नक्की?" मी विचारलं.

"बत्तीस वर्षं हात वाचतोय मी."

पण शिवताना त्यांनी सुई माझ्या हातात दिली. अकरा वर्षांत प्रत्येक गुरुजींचे पहिले टाके तेच घालत आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. भर उन्हाळ्यात त्यांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, आणि उजव्या खांद्यावर कापड आपोआप हलत होतं. वारा नव्हता. कापडाखाली काहीतरी फडफडत होतं, थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. पिशवीतल्या माशासारखं.

"काका, हे काय?"

"टाके घाल."

बुधवार गेला, गुरुवार गेला. मुलांनी गुरुजींना पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि प्रत्येक पेटीत कागदी फुलं ठेवली. काका खोलीत येरझाऱ्या घालत होते. चार नंबरच्या पेटीशी थांबत, पुढे जात, परत येत. मला वाटत होतं ते माझ्याशी काही बोलतील. बोलले ते त्या पेटीशी, आणि तेही मला ऐकू येणार नाही इतक्या हळू.

शुक्रवारी बारा वाजता घरची माणसं यायला लागली. मंडपात पंखे फिरत होते, फोटो रांगेत मांडले जात होते. चार नंबरचा फोटो घेऊन एक लहानशी, काळीसावळी बाई आली. पानानं रंगलेले ओठ. सीनुआनमावशी, थोंगबायची बायको. मी तिला पाणी दिलं. काका तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, आणि ते नियम मोडणार हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं.

"मावशी, प्रवास बरा झाला?"

"कसला बरा! टेम्पोत मागे बसले. हा फोटो मांडीवर. म्हटलं, जिवंतपणी कधी मांडीवर बसला नाहीस, आता बस."

"देवळात जायचे का हो गुरुजी?"

"जायचे म्हणजे! आमच्या गावात कोणालाही विचारा, थोंगबायसारखा विनम्र माणूस नाही." ती एकदम खुदकन हसली, आणि तोंडावर हात धरून काकांकडे झुकली. "आता गेला तो, सांगायला काय हरकत? भंत्यांपुढे नमस्कार करताना लोक हात भुवईपर्यंत नेतात ना? हा डोकं खाली आणायचा. हात छातीशीच, आणि डोकं वाकवून वाकवून बोटांना लावायचा. लोक म्हणायचे, बघा किती लीन होतो. भंते प्रवचनात उदाहरण द्यायचे हो त्याचं! आणि खरं काय, तर मेल्याचा हात वर जायचाच नाही. उजवा खांदा गेलेला. मला तेवढं ठाऊक."

काकांनी डोळे मिटले.

"काम काय करायचे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"न्हावी. बावन्न वर्षं. दिवसभर कात्री धरून हात वर, अजून काय होणार? शेवटी शेवटी गिऱ्हाइकाला बुटक्या स्टुलावर बसवायचा. मोठे मोठे लोक गुडघे हनुवटीला लावून बसायचे. म्हणायचे, थोंगबाय, हे न्हाव्याचं दुकान आहे की संडास?" ती पुन्हा हसली. मग हसणं ओसरलं. "तुम्ही का विचारता? काही राहिलं का त्याचं?"

"नाही मावशी. सगळं आहे. माणूस कळावा म्हणून विचारलं."

मऊ तळवा, गेलेला खांदा. कात्रीला जोर लागत नाही. हात दिवसभर हवेत धरून ठेवायला लागतो. पोती वाहणारा लुआन ती पाठीवर वाहत असणार. काका उठले तेव्हा दीड वाजला होता.

आत गेल्यावर त्यांनी दाराला कडी घालायला हात वर नेला. तो मध्येच थांबला. डाव्या हातानं त्यांनी उजवं कोपर खालून उचललं, मग कडी सरकली. मी हे सगळं पाहते आहे हे त्यांना माहीत होतं. आता लपवायला वेळ नव्हता.

"मुलं?"

"जेवायला पिटाळलीत. तीनपर्यंत येणार नाहीत."

"मग उसव तुझे ब्लाउजचे टाके."

मी चार नंबरचं कापड सोडलं, मग नऊ नंबरचं. कागदी फुलं बाजूला ठेवली. टाके कापताना माझ्याच कामाचा मला राग येत होता, इतके ते घट्ट होते. काका शेजारी उभे राहून सांगत होते. "आधी खवाट्यामागचे सोड. आता छातीकडचे. ओढू नको, ते तंतू तुटतील. वर्षभर त्या पोरांनी जपलेत." हात अदलाबदल झाले. तुटका खांदा थोंगबायच्या अंगाशी बसवला. मंगळवारी दुसरा हातही असाच बसला होता. सांधा काहीच सांगत नाही. सांगितलं ते त्याच्या बायकोनं.

"पहिला टाका मी घालतो," काका म्हणाले. "माफी मागायची आहे."

त्यांनी सुई घेतली. अंगठा आणि तर्जनी जवळ आली, सुईला लागली, आणि सुई त्यांच्या बोटांतून घरंगळून थोंगबायच्या छातीवर पडली. त्यांनी ती पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी उचललीच नाही. उजवा हात त्यांनी दिव्याखाली धरला, पालथा.

"बघ."

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे, जिथे मांसाची उशी असते, तिथे खड्डा होता. पावसाचं पाणी साचेल असा.

"सात वर्षांपूर्वीचे सहा नंबर आठवतात?"

आठवत होते. आठवू नयेत म्हणून मी इतका वेळ सुईकडे बघत होते. पन्नाशीचा माणूस होता. कार्डावर लिहिलं होतं, स्नायू सुकण्याचा आजार. त्याचा हात काकांनी स्वतः सोडवला होता आणि मुलांना बोलावून दाखवला होता. उकडलेल्या माशासारखे फिके, पातळ स्नायू. कण्याजवळ बारीक झालेली मुळं. "दिवे चांगले आहेत, तारच मेलीय," असं ते तेव्हा म्हणाले होते. "बोटांपासून सुरू होतं. मग दंड. मग खांदा. मग दुसरा हात. मग घास गिळणं. मग श्वास."

"डॉक्टरबाईंना दाखवा काका. आजच दाखवा. दुसरंही काही असेल. मानेत शीर दबली असेल."

"असेल." ते हलकं हसले. "पण मानेत दबलं तर दुखतं. मला काहीच दुखत नाही, साई. तीन महिने झाले, काहीच दुखत नाही."

पंख्याचा आवाज येत होता. दोन उघडी माणसं आमच्यामध्ये निजली होती, एकेका हातानं मोकळी.

"गाठ मीच मारली होती," काका म्हणाले. "मारताना मला वाटलं की बसली. बोटांना कळलंच नाही."

मी सुई उचलली. त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि पहिला टाका आम्ही दोघांनी मिळून घातला. ते पुटपुटले, "चुकलो गुरुजी. तुमचा हात घ्या." मग नऊ नंबरपाशी जाऊन तेच. बाकीचे टाके मी घातले. मोठे, भराभर, कसेही. त्यावर मात्र ते काही बोलले नाहीत. पावणेतीनला कापडं गुंडाळून झाली, फुलं जागेवर गेली. शेवटची गाठ मी बांधली. त्यांनी ती ओढून पाहिली आणि मान हलवली.

"रिबनच आहे," ते म्हणाले. "पण धरतेय."

पाच वाजता भिक्खू आले. झाकणं बसली होती, अठरा पेट्यांपुढे अठरा फोटो. रत्चनी डॉक्टरांनी भाषण केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आमच्या खामफानकाकांना उभं राहायला सांगते. बत्तीस वर्षं. एकाही गुरुजींचं एक हाडही कधी इकडचं तिकडे झालं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खोटं बोलल्यासारखं नाही, खरं बोलल्यासारखंही नाही. मी मनात म्हटलं, आजचं खरं आहे. पुढच्या वर्षी गाठी मी मारणार होते, आणि पुढच्या वर्षी काका कुठे असतील हा विचार मी तिथेच थांबवला.

मग पठण सुरू झालं. सगळा मंडप खाली बसला, सगळ्यांचे हात जुळले आणि वर गेले, अंगठे भुवईशी. शेकडो कोपरं एकदम उचलली जातात तेव्हा कापडाचा एक आवाज होतो.

काकांचे हात छातीशी जुळले. तिथेच राहिले. मी पाहत होते, शर्टाखाली खांदा फडफडला, जोर लावत होता, दाराआडून कोणी ढकलावं तसा. हात बोटभर वर आले आणि थांबले. मग काकांनी मान खाली घातली. पाठीचा कणा वाकवत, हळूहळू, कपाळ बोटांच्या टोकांपर्यंत आणलं.

मागे बसलेल्या दोन बायका कुजबुजल्या. "बघ गं, एवढा मान मिळाला, तरी किती लीन होतो माणूस."

समोरच्या रांगेत, फोटोशेजारी, सीनुआनमावशीनं तेवढ्यात मागे वळून पाहिलं. काकांच्या वाकलेल्या मानेवर तिची नजर खिळली. तिचे जुळलेले हात हळूहळू मांडीवर आले. भिक्खूंचा आवाज चढत होता, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि ती एकटी, पानानं रंगलेलं तोंड किंचित उघडं ठेवून, त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिली.